दोनशे ग्रॅम कुठं ठेवायचे? गोल्फच्या काठीच्या डोक्याचा इतिहास



आज मी टेबलावर दोन वस्तू आणल्या आहेत. पहिली आहे गोल्फची एक जुनी लाकडी काठी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली. विकणाऱ्याला वाटत होतं की ती हॉकीची आहे. दुसरी आजच्या काळातली. तिचं डोकं मी वर्कशॉपमध्ये मधोमध कापून आणलंय, कारण या विषयात बाहेरून बघून काही कळत नाही.

दोन्ही काठ्या एकाच कामाच्या. गोल्फमध्ये यांना 'ड्रायव्हर' म्हणतात, म्हणजे सगळ्यात लांबचा फटका मारायची काठी. पहिलीचं डोकं मुठीएवढं आहे, दुसरीचं जवळजवळ सोललेल्या नारळाएवढं. पण कापण्याआधी मी दोन्ही डोकी तराजूत घालून पाहिली. काटा दोन्ही वेळा साधारण एकाच जागी थांबला, २०० ग्रॅमच्या आसपास.

हे वजन कुणी कायद्यानं ठरवलेलं नाही. डोकं जड केलं तर काठी हळू फिरते. हलकं केलं तर वेगानं फिरते, पण चेंडूला रेटा कमी मिळतो. माणसाच्या खांद्याला आणि मनगटाला झेपेल असा मध्य अनुभवानं सापडला आणि तो फारसा हलला नाही. म्हणजे कारागिराच्या हातात तेव्हाही एवढंच होतं आणि आजही एवढंच आहे: हे २०० ग्रॅम कुठं ठेवायचे? आज मी सांगणार आहे तो इतिहास या प्रश्नाचा आहे. 'आधी लाकूड, मग लोखंड, मग विमानातला धातू' अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात मुख्य मुद्दा निसटतो.

सुरुवात स्कॉटलंडपासून करू. सेंट अँड्र्यूज गावात ह्यू फिल्प नावाचा कारागीर होता. जन्म १७८२, मृत्यू १८५६. पुढच्या पिढ्यांनी त्याला काठ्या घडवणाऱ्यांचा स्ट्रॅडिव्हेरियस म्हटलं. ज्याची व्हायोलिनं आजही जपली जातात, त्या कारागिराच्या नावानं. फिल्पच्या काळातली डोकी लांबट नाकाची असत. लाकूड सफरचंदाचं, नासपतीचं, बीचचं किंवा काटेरी झुडपाचं. पण नुसतं लाकूड नव्हे! डोक्याच्या पाठीमागं खोबण कोरायची आणि तिच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवायची, म्हणजे जमिनीवर घासून लाकूड झिजत नाही.

बघा, एका डोक्यात तीन पदार्थ झाले. हलकं लाकूड आकार देतं, जड शिसं रेटा देतं, चिवट शिंग कड राखतं. लाकडाची घनता पाण्यापेक्षा कमी, शिशाची पाण्याच्या ११ पटींहून जास्त. आज जाहिरातीत 'मल्टी-मटेरियल' म्हणून जे विकलं जातं, त्याचं मूळ इथं आहे. फिल्पच्या आधीचे कारागीरही हेच करत होते.

हा खेळ स्कॉटिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडंही लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पुण्यासारख्या छावणीच्या गावात अशी काठी जुन्या बाजारात सापडते, ती याच वाटेनं आलेली.

१८४८ च्या सुमारास चेंडू बदलला. आधी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून चेंडू करत. आता मलाया भागातल्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू बनू लागला. तो स्वस्त होता, पण दगडासारखा टणक. लांब नाकाची नाजूक डोकी तडकू लागली. मग डोकी आखूड आणि जाड झाली, तोंडावर चामड्याचे तुकडे बसवले गेले, आणि अमेरिकेतून नवं लाकूड आलं, पर्सिमॉन.

हे लाकूड आपल्याला परकं वाटतं, पण त्याचं कूळ ओळखीचं आहे. आपल्याकडची टेंभुर्णी, म्हणजे विदर्भातला तेंदू, ज्याच्या पानांची विडी होते, ती याच वंशातली. दोघांचंही शास्त्रीय नाव 'डायोस्पायरॉस' या शब्दानं सुरू होतं. टेंभुर्णी म्हटलं की आपल्याला सोलापूर रस्त्यावरचं गाव आठवतं. अमेरिकेतल्या तिच्या बहिणीनं मात्र जवळजवळ शंभर वर्षं गोल्फ चालवला. माझी ही काठी पर्सिमॉनचीच आहे. तळाला पितळी पट्टी आहे आणि तिच्याखाली शिसं. म्हणजे फिल्पचीच रीत पुढं चालू राहिली.

आता या रीतीतली अडचण सांगतो. जड पदार्थ चेंडू लागायच्या जागेच्या आसपास, मधल्या भागात गोळा झालेला असे. फटका बरोबर मध्यावर बसला तर उत्तम. पण एक-दीड सेंटीमीटर बाजूला बसला की डोकं चेंडूच्या धक्क्यानं हातात गरकन वळतं. चेंडू आणि डोकं एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात जे वळायचं ते वळतं, तुम्ही दांडा कितीही घट्ट धरा. जुन्या कारागिरांनी यावर एक उपाय केला होता. ड्रायव्हरच्या तोंडाला ते बाहेरच्या बाजूनं किंचित फुगवटा देत. बाजूला लागलेला चेंडू जी उलटी फिरकी घेतो, तिचा आणि फुगवट्याचा मेळ बसून चेंडू थोडा परत वाटेवर येई. पण वजनाची जागा मात्र त्यांनी बदलली नाही.

ती बदलली एका अभियंत्यानं. कार्स्टन सोल्हाइम, जन्म १९११, नॉर्वेतल्या बर्गनचा. लहानपणी अमेरिकेत आला, वडील चांभारकाम करत. पुढं तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला होता आणि गोल्फ खेळायला लागला तो थेट ४२ व्या वर्षी. साहजिकच त्याचे फटके मध्यावर बसत नव्हते. त्याला जास्त छळत होता पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू हळूच भोकात ढकलायची काठी. त्यानं विचार केला, चूक माझी असेल, पण ही काठी माझी चूक मोठी का करते?

आपल्याकडं डोंबारी दोरीवरून चालताना हातात लांब काठी आडवी धरतो. का? तिचं वजन दोन्ही टोकांना दूरवर पसरलेलं असतं, त्यामुळं ती पटकन वळत नाही, आणि तोल सावरायला त्याला वेळ मिळतो. तेवढ्याच वजनाचा धोंडा पोटाशी धरला तर उपयोग होणार नाही. भौतिकशास्त्रात याला 'जडत्व आघूर्ण' म्हणतात. हिशेब सोपा आहे: वजन गुणिले अंतराचा वर्ग. मध्यापासून २.५ सेंटीमीटरवर २० ग्रॅम ठेवले तर १२५ मिळतात. तेच २० ग्रॅम ५ सेंटीमीटरवर नेले तर ५००. अंतर दुप्पट केलं, तर वळायला होणारा विरोध चौपट झाला, आणि वजन एका ग्रॅमनंही वाढलं नाही.

सोल्हाइमनं १९५९ मध्ये पटर बनवला तो असाच, मधला भाग हलका आणि वजन दोन टोकांना. चेंडू लागला की तो 'पिंग' असा वाजे, म्हणून काठीचं आणि पुढं कंपनीचं नाव पिंग पडलं. १९६६ मध्ये त्यानं 'अ‍ॅन्सर' हा पटर आखला. पहिलं रेखाटन एका ग्रामोफोन रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर केलेलं होतं. इंग्रजी नावातलं एक अक्षर गाळायची सूचना त्याच्या पत्नीची, लुईसची. पटरवर पूर्ण शब्द मावत नव्हता! आज जगात जे पटर दिसतात, त्यांतल्या कितीतरींचा आकार याच पटरवरून आलेला आहे.

आता पुन्हा ड्रायव्हरकडं येऊ. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स या विक्रेत्यानं घरावर २४,००० डॉलरचं कर्ज काढून टेलरमेड कंपनी सुरू केली आणि पोलादाचं पोकळ डोकं बाजारात आणलं. लोक त्याला चेष्टेनं 'पिट्सबर्ग पर्सिमॉन' म्हणत, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. ही डोकी ओतायची पद्धत मेणाच्या साच्याची. आपल्याकडचे मूर्तिकार शतकानुशतकं धातूच्या मूर्ती ज्या तत्त्वावर ओततात, तेच तत्त्व. महत्त्वाची गोष्ट अशी की डोकं पोकळ झालं, म्हणजे सगळं वजन आपोआप बाहेरच्या कवचात गेलं. सोल्हाइमनं पटरमध्ये जे केलं, ते ड्रायव्हरमध्ये पोकळपणामुळं साधलं.

मग डोकं आणखी मोठं का करू नये? १९९१ मध्ये कॅलवे कंपनीची 'बिग बर्था' आली, १९० घन सेंटीमीटरची. पण पोलादाला मर्यादा आहे. आजच्या मोठ्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटीमीटर. तेवढा पोकळ गोळा २०० ग्रॅम पोलादात करायचा म्हटलं, तर भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ होते. तोंड जाड ठेवायचं तर बाकीची भिंत त्याहून पातळ करावी लागते. टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणून भिंत दीड मिलिमीटरपर्यंत जाते. शीतयुद्ध संपल्यावर विमानं आणि क्षेपणास्त्रांची मागणी घटली होती, आणि हा धातू गिऱ्हाईक शोधत होता. १९९५ मध्ये २५० घन सेंटीमीटरची टायटॅनियमची 'ग्रेट बिग बर्था' आली. त्याआधी दोन वर्षं, १९९३ मध्ये, बर्नहार्ड लांगरनं मास्टर्स स्पर्धा पर्सिमॉनच्या ड्रायव्हरनं जिंकली होती. एवढ्या मोठ्या स्पर्धेत लाकडी ड्रायव्हरचा तो शेवटचा विजय. लाकूड सुकवणारे, कोरणारे, तेल मुरवणारे हात थोड्याच वर्षांत रिकामे झाले.

आता हे कापलेलं डोकं बघा. वरची काळी टोपी कार्बन फायबरची. घनता टायटॅनियमच्या साधारण एक तृतीयांश. सांगाडा आणि तोंड टायटॅनियमचं. आणि मागच्या टोकाला, तळाशी, हा लहानसा तुकडा टंगस्टनचा आहे; तो शिशापेक्षाही बराच घन. टोपीत वाचवलेला एकेक ग्रॅम या टोकाला नेलेला आहे. टायटॅनियम आणि पोलाद सरळ वेल्ड केले तर सांधा ठिसूळ होतो, कार्बन तर वेल्ड होतच नाही. म्हणून इथं चिकटवण्याचा गोंद आणि स्क्रू आले. स्क्रू आले म्हणून वजन हलवता येऊ लागलं: २००४ च्या एका टेलरमेड ड्रायव्हरमध्ये १० ग्रॅमचे दोन आणि २ ग्रॅमचे दोन तुकडे खेळाडूनं हवे तिथं बसवायचे होते. २०२२ मध्ये त्याच कंपनीनं तोंडच कार्बनचं केलं, ६० थरांचं.

इथं नियम करणाऱ्या संस्थांनी हात आडवा घातला. २००४ मध्ये आकारमानाला ४६० घन सेंटीमीटरची मर्यादा आली. २००६ मध्ये जडत्व आघूर्णालाच मर्यादा घातली: उभ्या अक्षाभोवती ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटीमीटर, वर थोडी सूट. म्हणजे खेळाडूची चूक काठीनं किती पोटात घालायची, याचा आकडाच ठरला. कंपन्यांनी यातूनही वाट काढली. २०२४ मध्ये पिंगनं आडव्या आणि उभ्या वळणाचे दोन आकडे मिळवून १०,००० पार केल्याची जाहिरात केली.

काही जण म्हणतात, असल्या काठ्यांनी खेळ बिघडला, कौशल्याची किंमत उरली नाही. मला हे पूर्ण पटत नाही. फिल्पची काठी फार सुंदर होती, पण ती चांगला फटका मारणाऱ्यासाठी होती. ४२ व्या वर्षी खेळायला लागलेल्या माणसाला ती दर फटक्याला जाणीव करून देत असे की तू इथला नाहीस. त्यानं वजन टोकांना नेलं आणि माझ्यासारख्या उशिरा आलेल्यांसाठी जागा केली. मात्र ही जागा फुकट नाही. नवा ड्रायव्हर पाचशे-सहाशे डॉलरला पडतो. चूक पोटात घेणारी काठी आज चुका परवडणाऱ्यालाच मिळते, आणि शिकाऊ पोराच्या हातात अजूनही कुणीतरी टाकून दिलेली जुनी काठी असते. वजन कुठं ठेवायचं हे आपल्याला कळलं. ती काठी कुणाच्या हातात जाणार, हे काही अभियंत्याच्या कागदावर सुटत नाही.

बोलणं इथं थांबवतो. प्रश्नोत्तरांआधी पुढं या आणि दोन्ही डोकी हातात घेऊन बघा. लाकडी डोक्याच्या तळाची पितळी पट्टी मी काढून ठेवली आहे. आतलं शिसं दिसेल. मग दुसऱ्यातला टंगस्टनचा तुकडा बघा. फक्त कापलेल्या कडा जपून धरा, धारदार आहेत.