एचओसीचा वाचलेला प्लांट

१७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पनवेलजवळच्या रसायनीतील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा (एचओसी) कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची, देणी भागवायची, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची, असे ठरले. अपवाद एकच होता. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट सुमारे वीस एकर जमीन आणि तिथल्या कामगारांसह इस्रोच्या हवाली करायचा होता, कारण हा पदार्थ देशात दुसरीकडे कुठेच तयार होत नव्हता.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ५ जूनला, श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही मार्क-३, म्हणजे आजचे एलव्हीएम-३, पहिल्यांदाच उपग्रह घेऊन कक्षेत पोहोचले. त्याच्या मधल्या टप्प्यात दोन 'विकास' इंजिने असतात आणि सुमारे ११० टन द्रव इंधन-ऑक्सिडीकारक भरलेले असते. वजनाने त्यातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा.

एचओसीची स्थापना १२ डिसेंबर १९६० ची. थुंब्याहून पहिले रॉकेट उडायला तेव्हा आणखी तीन वर्षे होती, त्यामुळे अवकाशाचा विचार कुणाच्या मनात असण्याचे कारणच नव्हते. रंग, औषधे, रबर यांच्या कारखान्यांना लागणारी मधली रसायने परदेशातून येत. ती इथे बनावीत एवढाच हेतू होता. जागा निवडली गेली पाताळगंगेच्या खोऱ्यात. टाटांच्या खोपोली वीजकेंद्रातून सुटणारे पाणी या नदीत येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. १९७० च्या सुमारास इथे उत्पादन सुरू झाले. नायट्रिक आम्ल, त्यापासून नायट्रोबेंझीन, त्यापासून अॅनिलीन अशी ती साखळी. शेजारच्या मोहोपाड्याची बाजारपेठ या कारखान्याच्या आणि वसाहतीच्या आधाराने वाढली.

नायट्रिक आम्ल बनवण्यासाठी अमोनिया हवेबरोबर प्लॅटिनमच्या जाळीवरून नेतात आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे मिळतात. तीच शुद्ध करून, थंड करून द्रवरूपात साठवली की नायट्रोजन टेट्रॉक्साइड. ऐकायला सोपे, हाताळायला महाकठीण. तो २१ अंश सेल्सिअसला उकळतो. पनवेलच्या एप्रिल-मे महिन्यांत तो उघड्यावर द्रवरूपात राहूच शकत नाही. गळला तर लालसर तपकिरी धूर होतो आणि तो फुप्फुसे जाळतो. रॉकेटवाल्यांना मात्र त्याचा एक गुण फार मोलाचा वाटतो: हायड्रेझीनच्या जातीच्या इंधनाशी भेट होताच ठिणगीशिवाय पेट घेतो.

'विकास' इंजिनाचे मूळ फ्रेंच 'वायकिंग'मध्ये आहे. १९७४ च्या करारानुसार भारताने त्या तंत्रज्ञानाचा मोबदला आपल्या अभियंत्यांच्या श्रमातून फेडला. पुढे इंजिने विक्रोळीत गोदरेजमध्येही घडू लागली, इंधन आंध्रातल्या तणुकूच्या एका साखर कंपनीकडून येऊ लागले आणि ऑक्सिडीकारक रसायनीतून. लष्करी उपग्रहांची वाट याच जुळणीतून गेली. टेहळणीच्या तंत्राची चाचणी घेणारा टीईएस २००१ मध्ये पीएसएलव्हीने नेला. संरक्षण संशोधन संस्थेचा एमिसॅट १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्हीच्या चार बूस्टरच्या नव्या रूपाने नेला. दोन्ही वेळी दुसऱ्या टप्प्यात 'विकास'च होते.

नौदलाची गोष्ट वेगळी. ३० ऑगस्ट २०१३ ला सुटलेला जीसॅट-७, म्हणजेच 'रुक्मिणी', २,६५० किलोचा होता. एवढे ओझे उचलणारे भरवशाचे रॉकेट तेव्हा देशापाशी नव्हते, म्हणून तो फ्रेंच गयानातून एरियन-५ ने गेला. संरक्षणाच्या संदेशवहनासाठी परक्या प्रक्षेपणतळावर विसंबणे ही बोचणारी गोष्ट होती. हवाई दलाचा २,२५० किलोचा जीसॅट-७ए मात्र १९ डिसेंबर २०१८ ला जीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहूनच गेला. त्या उड्डाणात एकूण पाच 'विकास' इंजिने होती.

त्याच महिन्यात रसायनीत एचओसीच्या आवारात वायुगळती झाली. तीसहून अधिक माकडे आणि काही पक्षी मेल्याच्या बातम्या छापून आल्या, वनखात्याची चौकशी झाली. उड्डाणांच्या इतिहासात या घटनेलाही जागा हवी. उपग्रह वर जातो तेव्हा टाळ्या श्रीहरिकोट्यात वाजतात. धोका मात्र पाताळगंगेकाठची गावे सोसतात, आणि त्यांची नावे कुठल्याही गौरवग्रंथात नसतात.

२ नोव्हेंबर २०२५ ला 'रुक्मिणी'ची जागा घेणारा सीएमएस-०३ एलव्हीएम-३ नेच गेला. वजन सुमारे ४,४०० किलो. भारताच्या भूमीवरून भूस्थिर कक्षेच्या वाटेवर पाठवलेला तोवरचा सर्वांत जड संचार उपग्रह. हिंदी महासागरावरच्या नौदलाच्या संदेशवहनासाठी आता एरियनची गरज उरलेली नाही.

एलव्हीएम-३ मधला 'विकास'चा टप्पाही बदलायचा आहे. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या सेमीक्रायोजेनिक इंजिनाच्या मुख्य भागांची चाचणी २८ मार्च २०२५ ला महेंद्रगिरीत यशस्वी झाली. ते इंजिन तयार झाले की सर्वांत मोठ्या रॉकेटला रसायनीच्या मालाची गरज राहणार नाही. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही मात्र अजून त्याच मालावर उडतात, आणि भूस्थिर उपग्रहांना अखेरच्या कक्षेत ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांतही मुख्यतः नायट्रोजन टेट्रॉक्साइडच भरलेला असतो.