ओढणीखालचा साधना कट

‘लव्ह इन सिमला’ १९६० साली आला. साधनाचं रुंद कपाळ झाकण्यासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखी केसांची झालर ठेवायला लावली. तो ‘साधना कट’ घरोघरी गेला, आमच्या दिग्रसच्या घरातही.

मागच्या ईदला माझ्या मुलीनं तोच कट मागितला. नमुन्यासाठी अम्मीचे तरुणपणीचे फोटो काढले, तर प्रत्येकात डोक्यावर ओढणी. असे फोटो पाहून लोक समजतात, मुस्लिम बायकांना कसली हौस! अम्मी म्हणाली, “केस ओले कर.” ते पुढे विंचरून तिनं भुवयांच्या किंचित खाली कात्री चालवली, कारण वाळल्यावर केस वर चढतात. फोटोत न आलेलं तिच्या हातांना पाठ होतं.