पणजोबांची खूण

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात वळण लावले जाते: फंक्शनच्या डोक्यावर त्याचे काम दोन ओळींत सांगायचे आणि ते सांगणे, म्हणजे कॉमेंट, /* आणि */ यांच्या मध्ये ठेवायचे. तिरकी रेघ आणि चांदणी म्हणजे सीची घरचीच खूण, असे आपण धरून चालतो. पण ती उसनी आहे.

सीचे कूळ असे: आजोबा बीसीपीएल, वडील बी, आणि मग सी. सीचे अपत्य सी प्लस प्लस, त्याचे मात्र बीसीपीएल पणजोबा. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सने १९६७ मध्ये घडवलेल्या या भाषेत कॉमेंटसाठी दोन तिरक्या रेघा, //, असत. त्यापुढे ओळ संपेपर्यंत काहीही लिहा, कंपायलर बघत नसे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने तीच भाषा कातरून बी केली. मात्र कॉमेंटची खूण त्याने आयबीएमच्या पीएल/वनमधून घेतली. कारण तो आणि सी घडवणारा डेनिस रिची मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पातून आले होते आणि मल्टिक्स पीएल/वनमध्ये लिहिले जात होते. बेल लॅब्जने १९६९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. प्रकल्प सुटला, हाताची सवय सुटली नाही. खूण बदलणे हा आवडीनिवडीचा मामला होता, असे रिचीनेच पुढे लिहून ठेवले आहे.

ही खूण तशी खोडकर. एका कॉमेंटच्या पोटात दुसरी बसत नाही. शेवटचे */ विसरले, तर पुढचे */ भेटेपर्यंतचा सगळा कोड गडप होतो, आणि कंपायलर कधी कधी तक्रारही करत नाही. मोठ्या कॉमेंटमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी चांदण्यांची उभी माळ ओवतात ना, ती निव्वळ डोळ्यांसाठी. कंपायलरला फक्त दोन टोकांशी मतलब.

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुपने सी प्लस प्लसमध्ये पणजोबांची // परत आणली, मधल्या दोन पिढ्या ओलांडून. मग १९९९ च्या मानकात सीनेही ती अधिकृतपणे स्वीकारली. बापाने मुलाकडून घेतली म्हणायची! त्यात एक गंमत झाली. ८ //* अर्धे करा */ २ असे लिहून अर्धविराम पुढच्या ओळीवर टाकला, तर १९८९ च्या नियमांनी उत्तर ४ येते: पहिली रेघ भागाकाराची, उरलेली कॉमेंट. १९९९ च्या नियमांनी ८, कारण // नंतरची उरलेली ओळच पुसली जाते.

फंक्शनच्या मांडणीतही जुन्या सवयीची खूण दिसते. सीवरच्या १९७८ च्या कर्निघन-रिची पुस्तकाच्या काळात आर्ग्युमेंटचे प्रकार कंसाच्या आत नव्हे, कंसाखाली वेगळ्या ओळींवर लिहीत. त्यामुळे फंक्शनचा महिरपी कंस नव्या ओळीवरच शोभे. १९८९ च्या मानकाने प्रकार आत नेण्याची सोय केली, तरी कित्येकांचा महिरपी कंस अजून खालच्याच ओळीवर बसतो.

/* आणि */ यांच्या मध्ये लिहिलेली सर्वांत गाजलेली ओळ थॉम्पसन-रिची यांच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आहे, एका प्रक्रियेकडून दुसरीकडे वळणाऱ्या कोडजवळ. हे तुम्हाला कळावे अशी अपेक्षा नाही, असा तिचा आशय. वाचणाऱ्यांना ती उद्धट वाटली. परीक्षेत हे येणार नाही, एवढ्याच अर्थाने लिहिले होते, असा खुलासा रिचीने पुढे केला. आणि तिथे काय चालले आहे ते आम्हालाही नीट उमगले नव्हते, हेही कबूल केले.