शिष्यवृत्ती : हक्काचा पैसा आणि सावकाराचे व्याज

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील जिंतूर तालुक्यात खडी फोडत होते आणि मी औरंगाबादेत कॉलेजात शिकत होतो. खडीच्या ढिगावर बसून सुकडी खाणाऱ्या बापाचा मुलगा पदवीच्या वर्गात बसतो, हे घडले ते शिष्यवृत्तीमुळे. त्या वर्षी तिचे पैसे परीक्षा उलटल्यावर हाती पडले. तोवर खाणावळीचे बिल थकले, परीक्षेचा फॉर्म अडला. वडिलांनी गावातल्या सावकाराकडून दोनशे रुपये उचलले आणि पुढची दोन वर्षे माझ्या थोरल्या भावाने त्याच्या शेतात सालगडी म्हणून राबून ते फेडले. शिष्यवृत्ती माझ्या नावावर होती, तिचे व्याज भावाने भरले. तेव्हापासून या पैशाचा इतिहास मी शोधत आलो आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक करारपत्र आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. महाराजांचे औदार्य मोठे होते, यात शंका नाही. पण ते औदार्य होते. राजा बदलला, त्याची मर्जी बदलली, तर दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच दिले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी का देत नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. या मागणीतून वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. संस्थानिकाच्या दानाच्या जागी सरकारच्या अंदाजपत्रकातला आकडा आला. हा फरक आमच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. दानासाठी हात पसरावा लागतो. अंदाजपत्रकातल्या आकड्याचा हिशेब मागता येतो.

परभणी मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. मराठीभाषक मुलाला उच्च शिक्षण उर्दूतून, तेही हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात. महारवाड्यातल्या मुलाला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. निजामी राजवटीच्या शेवटच्या काळात दलितांच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला गेला. औरंगाबादच्या महाविद्यालयासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला याच निधीतून कर्ज मिळाले. जून १९५० मध्ये ते महाविद्यालय उघडले आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले तिकडे निघाली. हे कर्ज संस्थेने घेतले, विद्यार्थ्याच्या डोक्यावर ते बसले नाही, हे विसरून चालणार नाही.

पुढे १९५६ चे धर्मांतर झाले. अनुसूचित जातींची केंद्राची यादी धर्माशी बांधलेली असल्याने बौद्ध झालेला माणूस त्या यादीबाहेर फेकला गेला. जणू धर्म बदलताच गावकुसाबाहेरचे घर गावात आले! महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या. केंद्राला तेच शहाणपण सुचायला १९९० साल उजाडले. मधल्या काळात आमच्या वस्तीतला बाप मुलाच्या कॉलेजच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यापाशी अडत असे. स्वाभिमान लिहावा की पोट लिहावे, हा पेच त्या रकान्याने अनेक घरांत निर्माण केला.

आणि आजची स्थिती? २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आले आणि मोठा बोजा राज्यांवर पडला. आरडाओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर झाली. त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के. आकडा मोठा आहे. पण पालकाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ मध्ये ठरली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. मजुरी आणि महागाई वाढत गेली. कागदावरची गरिबी मात्र तिथल्या तिथे थांबली.

आता काही विद्वान म्हणतात, अनुदान कशाला, बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्या. कर्ज वाईट असते असे मी म्हणत नाही. पण बँक मोठ्या रकमेला तारण मागते, आणि आमच्याकडे तारण ठेवायला असते काय? ज्याच्या आजोबाला जमीन होती त्याच्यासाठी कर्ज ही शिडी आहे; ज्याचा आजोबा त्या जमिनीवर राबला त्याच्यासाठी ती सालगडीपणाची नवी चिठ्ठी ठरू शकते. शिवाय उशिरा मिळालेली शिष्यवृत्ती हेही कर्जच असते. फरक एवढाच, की ते सरकारी कागदावर दिसत नाही. ते भावाच्या पाठीवर दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. मोर्चे काढाच, पण प्रत्येक कॉलेजात एक वही ठेवा. अर्ज कधी केला, मंजूर कधी झाला, पैसे कधी मिळाले आणि मधल्या काळात घरच्यांनी कुठून किती उचलले, हे त्या वहीत लिहा. बाबासाहेब १९४२ साली सरकारपुढे गेले ते नुसता संताप घेऊन नव्हे, आकडे घेऊन गेले. माझ्या भावाच्या दोन वर्षांचा हिशेब कुठेही नोंदलेला नाही. तो आज मी इथे नोंदवतो आहे. पुढची पाने तुम्ही भरा.