तीन आणे आणि हिमालय

राज्यकारभारात सरासरी हा मोठा सोयीचा शब्द आहे. देशाच्या एकंदर उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की एक आकडा हाती येतो, आणि तो आकडा दर वर्षी थोडा पुढे सरकला की कारभार नीट चालला आहे असे समाधान मानता येते. परंतु ज्याच्या घरी दोन वेळा चूल पेटत नाही, त्याला या सरासरीचा उपयोग काय, हा प्रश्न त्या आकड्याच्या पोटात दडलेला असतो. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात लोकसभेत हा प्रश्न एका सभासदाने इतक्या परखडपणे विचारला की त्या चर्चेला पुढे 'तीन आण्यांचा वाद' असेच नाव पडले. ते सभासद म्हणजे डॉ. राममनोहर लोहिया. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील फरुखाबाद मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत विजयी होऊन ते प्रथमच लोकसभेत आले होते.

निमित्त होते आचार्य कृपलानी यांनी मांडलेल्या अविश्वासाच्या ठरावाचे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत चर्चेला आलेला अशा प्रकारचा हा पहिलाच ठराव. आदल्या वर्षीच्या चिनी आक्रमणाची जखम ताजी असल्याने संरक्षण आणि परराष्ट्र धोरण यांवर कडाडून टीका होणार, हे उघडच होते. लोहियांनी मात्र वाद जमिनीवर आणला. देशातील २७ कोटी माणसे दररोज अवघ्या तीन आण्यांवर जगतात, आणि त्याच देशात पंतप्रधानांवर रोज २५,००० रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप होता. दशमान नाणी येऊन सहा वर्षे झाली असली तरी सामान्य माणूस अजून आण्यांतच हिशेब करीत होता. आणि लोहियांना त्याच्याच हिशेबात बोलावयाचे होते. पंडित नेहरूंनी उत्तर दिले की दरडोई उत्पन्न तीन आणे नसून पंधरा आणे आहे. नियोजन खात्याची धुरा वाहणारे गुलझारीलाल नंदा यांनी पुढे तळच्या साठ टक्के लोकांपुरता आकडा साडेसात आणे सांगितला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

मतांची मोजणी तेथे संपली. आकड्यांची मात्र संपली नाही. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. तीत गिरणीमालकाचे उत्पन्न आणि भूमिहीन मजुराची मजुरी एकाच तागडीत तोलली गेली होती. लोहिया बोलत होते ते तळच्या साठ टक्क्यांविषयी. त्यांचा तीन आण्यांचा अंदाज फार खाली होता, असे अनेक अर्थतज्ज्ञांचे मत पडले, आणि ते बहुधा योग्यच होते. परंतु सरकारी आकडाच घेतला तरी काय दिसते? दिवसाचे साडेसात आणे म्हणजे महिन्याचे सुमारे चौदा रुपये. १९६२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने माणशी किमान गरज म्हणून महिना वीस रुपये ही मर्यादा ठरविली होती. म्हणजे लोहियांना खोडून काढण्यासाठी दिलेले उत्तरही, त्या मर्यादेशी ताडून पाहिले तर, त्यांच्या मूळ मुद्द्याला दुजोराच देत होते. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची पद्धतशीर मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा दारिद्र्य हा राष्ट्रीय नियोजनाचा मध्यवर्ती प्रश्न ठरला होता. सरासरीकडून तळाकडे नजर वळविण्याचे संसदेतील श्रेय मात्र त्या तीन आण्यांना द्यावेच लागेल.

लोहियांची समतेची कल्पना पैशापुरती मर्यादित नव्हती. २३ मार्च १९१० रोजी अकबरपूर येथे एका व्यापारी कुटुंबात जन्मलेला हा माणूस मुंबई, काशी आणि कलकत्ता येथे शिकून बर्लिनला गेला आणि मिठावरील कराच्या विषयावर प्रबंध लिहून १९३३ मध्ये परतला. मार्क्सचा त्याने कसून अभ्यास केला. परंतु भारतात वर्गाइतकीच, किंबहुना वर्गाहूनही चिवट अशी संस्था जात ही आहे, हा त्याचा निष्कर्ष मार्क्सच्या ग्रंथांतून आलेला नव्हता. वर्ग गोठला की त्याची जात होते आणि जात सैल झाली की तिचा वर्ग होतो, अशा आशयाची मीमांसा त्यांनी केली. समान संधी दिली की समता आपोआप येईल, हे त्यांना मान्य नव्हते. शतकानुशतके ज्यांचे पाय बांधून ठेवले, त्यांना इतरांबरोबर एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे हा न्याय नव्हे, असे ते सांगत. म्हणून नेतृत्वाच्या व अधिकाराच्या जागांपैकी साठ टक्के जागा स्त्रिया, शूद्र, हरिजन, आदिवासी आणि अल्पसंख्याकांतील मागास थर यांना मिळाल्या पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. या यादीत साऱ्या स्त्रियांचा समावेश होता, हे विशेष. खेड्यातील स्त्रीला शौचासाठी अंधाराची वाट पाहावी लागते आणि चुलीच्या धुराने तिचे डोळे जातात, हे विषय राजकारणाच्या व्यासपीठावर आणताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी सहकार्य व्हावे म्हणून त्यांचा पत्रव्यवहारही सुरू झाला होता. परंतु ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले आणि ती भेट राहून गेली.

याच समतेच्या सूत्राने त्यांचे परराष्ट्रविषयक विचारही बांधलेले होते. तो काही निराळा कप्पा नव्हता. विद्यार्थिदशेत, १९३० साली, जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाच्या सभेत भारताचे प्रतिनिधी म्हणून बिकानेरचे महाराज बोलावयास उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून निषेध करणाऱ्यांत तरुण लोहिया होते. ज्यांनी लोकांना विचारले नाही, त्यांनी लोकांच्या नावाने जगापुढे बोलू नये, हा त्या निषेधाचा अर्थ. पुढे १९३६ मध्ये नेहरूंनीच त्यांच्याकडे काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे काम सोपविले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेनंतर सुरक्षा समितीतील पाच राष्ट्रांना मिळालेला नकाराधिकार त्यांना राष्ट्राराष्ट्रांमधील जातिव्यवस्थेसारखा वाटला. गावात जशी उच्चवर्णीयांची आळी वेगळी, तशी जगात बलाढ्यांची आळी वेगळी! भांडवलशाही आणि साम्यवाद हे दोन्ही पंथ जगाच्या दोन तृतीयांश दरिद्री लोकांच्या दृष्टीने सारखेच गैरलागू आहेत, असे त्यांनी १९५२ साली पचमढी येथील समाजवादी अधिवेशनात प्रतिपादन केले. अमेरिका आणि रशिया यांच्यापैकी कोणाच्याही छावणीत न शिरता तिसरी शक्ती उभी करावी, अशी त्यांची भूमिका होती. नेहरूंचे अलिप्ततेचे धोरण वरवर पाहता याच्याशी मिळतेजुळते दिसते. परंतु ते कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला झुकत दोघांची मर्जी राखते, असा लोहियांचा आक्षेप होता.

या मतभेदाची कसोटी हिमालयात लागली. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले, तेव्हा लोहियांनी त्या घटनेला शिशुहत्या म्हटले. तिबेट स्वतंत्र राहिले तरच भारताची उत्तर सीमा सुरक्षित राहील, हे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु त्यांचे हिमालयविषयक धोरण केवळ चौक्या आणि तोफा यांचे नव्हते. काश्मीरपासून नेपाळ, भूतान, सिक्कीम आणि ईशान्य सीमाप्रदेशापर्यंतची पहाडी माणसे आपलीशी झाली पाहिजेत, त्यांना लोकशाहीचे हक्क मिळाले पाहिजेत, हा त्याचा गाभा होता. आज अरुणाचल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाला त्यांनी 'उर्वशीयम्' असे नाव दिले होते, आणि तेथे परवान्यावाचून जाण्याचा प्रयत्न केल्याबद्दल अटकही स्वीकारली होती. सीमा नकाशावरील रेघेने राखली जात नाही, त्या रेघेजवळ राहणाऱ्या माणसांच्या मनाने राखली जाते, हाच त्याचा मथितार्थ. १९६२ च्या पराभवानंतर हा विचार अनेकांना पटला. तोवर उशीर झाला होता.

महाराष्ट्र आणि गोमंतक यांचे लोहियांशी नाते जुने. ज्या समाजवादी पक्षाच्या स्थापनेत १९३४ साली ते सहभागी झाले, त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात रुजली होती. १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून चालणाऱ्या गुप्त काँग्रेस रेडिओवरून त्यांचा आवाज देशाने ऐकला. मे १९४४ मध्ये त्यांना मुंबईतच अटक झाली आणि पुढे लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा अमानुष छळ झाला. सुटकेनंतर प्रकृती सुधारावी म्हणून ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे गोव्यात असोळण्याला गेले. तेथे सभेलाही परवाना लागतो हे पाहून त्यांना विश्रांती सुचली नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानात त्यांनी बंदीहुकूम मोडला, आणि गोमंतकाच्या मुक्तिलढ्याचे नवे पर्व सुरू झाले. पुढच्या काळात एस. एम. जोशी आणि मधु लिमये यांच्यासारखे मराठी नेते त्यांच्या पक्षाचे आधारस्तंभ झाले. मधु लिमये तर बिहारमधील मुंगेर येथून लोकसभेवर निवडून आले.

या चित्राला दुसरीही बाजू आहे. लोहियांची जीभ तिखट होती आणि तिने मित्रही दुखावले. त्यांच्या 'अंग्रेजी हटाव' चळवळीमुळे अहिंदी प्रांतांत संशय वाढला. काँग्रेसविरोधासाठी परस्परविरोधी विचारांच्या पक्षांना एकत्र आणण्याचा त्यांचा प्रयोग १९६७ मध्ये अनेक राज्यांत सत्तेवर आला खरा, परंतु ती सरकारे फार काळ टिकली नाहीत. तरीही स्वतःच्या पक्षाला निराळे माप लावण्याचा दोष त्यांना देता येणार नाही. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाचे सरकार असताना पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस या नात्याने त्यांनी त्या सरकारचा राजीनामा मागितला. राजीनामा आला नाही. पुढच्या वर्षी लोहियाच पक्षाबाहेर पडले.

त्यांच्या साऱ्या विचारांचे सार एका छोट्या प्रसंगात सापडते. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत होते. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात एका उपाहारगृहाने गोऱ्या वर्णाअभावी त्यांना प्रवेश नाकारला. ते तेथून हलले नाहीत आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा क्षमा आपली नव्हे, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागावी, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. एका परदेशी खासदाराचा अपमान झाला एवढेच त्यांना खुपले नव्हते. त्या दारातून रोज परत पाठविल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता.

१२ ऑक्टोबर १९६७ रोजी दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात, शस्त्रक्रियेनंतरच्या आजारात, लोहियांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. त्यांच्या मागे घर नव्हते, ठेव नव्हती. आज ते रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेथे बाहेरगावाहून आलेली गरीब माणसे पहाटेपासून चिठ्ठीसाठी रांगेत उभी असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना दारावरच्या नावाचा इतिहास ठाऊक नसेल. देशाची सरासरी किती, हेही त्यांना ठाऊक नसेल. आपल्या गाठीला आज किती आणे उरले आहेत, एवढे मात्र प्रत्येकाला नेमके ठाऊक असते.