डेकवर झोपून गाठलेलं कॉलेज

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली. सातवीपर्यंत माझ्याकडे उर्दू माध्यमात होती, आता बारावीत आहे. हातात अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची यादी. सोबत अब्बा. त्यांचा सवाल सरळ होता, "मॅडम, बी.ए.च करायचं तर तिकडे कशाला?"

ही कॉलेजं म्हणजे काय, ते आधी समजावलं. मोठ्या विद्यापीठासारखा पसारा नाही, वर्ग लहान, बहुतेक मुलं तिथंच राहणारी. साहित्य शिकणारी मुलगी गणित आणि जीवशास्त्रही घेऊ शकते. यादीत ओबर्लिनचं नाव दिसलं आणि मला लूसी स्टोन आठवली.

खरं सांगायचं तर कॉलेज निवडण्याबद्दल बोलायचा मला फारसा हक्क नाही. माझं बी.एड.चं कॉलेज घरच्यांनी निवडलं, कारण ते एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याजोगं होतं.

लूसीचा जन्म 1818चा, मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकरी घरातला. बायबलच्या आधारे तिला सांगितलं जाई की नवऱ्यानं बायकोवर हुकूमत करावी. हा तर्जुमा बरोबर आहे का, हे मूळ भाषेत वाचून पाहायचं तिनं ठरवलं. त्यासाठी ग्रीक आणि हिब्रू हवी, आणि त्यासाठी कॉलेज. (तर्जुम्यावर विसंबून बायकांना गप्प करण्याची रीत आपल्याकडेही ओळखीची आहे.) पण पदवी देणारी बहुतेक कॉलेजं तेव्हा मुलग्यांची. एक अपवाद ओहायोतलं ओबर्लिन. 1833मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजानं 1835मध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यायचं ठरवलं. विश्वस्तांची मतं समसमान पडली होती, अध्यक्षांच्या एका मतानं ठराव झाला. 1837मध्ये चार मुली पदवीच्या वर्गात बसल्या.

लूसीनं शाळेत शिकवून पैसे साठवले. 1843मध्ये निघाली तेव्हा ती पंचविशीत होती. ईरी सरोवर ओलांडताना खोलीचं भाडं वाचवायला बोटीच्या डेकवरच झोपली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची महत्त्वाची वाटते. दार उघडं होतं, पण आत काय चालायचं? घरकामाला तिला तासाला तीन सेंट मिळत, मुलग्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. कॉलेजच्या पूर्वतयारी वर्गात ती शिकवायची, तिथंही पगार कमी. 1845मध्ये तिनं बरोबरीचा पगार मागितला, नाकारल्यावर काम सोडलं. तिचे विद्यार्थीच पुढे आले, कॉलेज देत नसेल तर फरक आम्ही भरतो म्हणाले. तीन महिन्यांनी कॉलेज नमलं, आणि शिकवणाऱ्या इतर मुलींचाही पगार वाढला.

वक्तृत्वाच्या वर्गात मुलींनी नुसतं ऐकायचं. म्हणून लूसी, अँटोनेट ब्राऊन आणि काही मैत्रिणींनी कॉलेजबाहेर आपलं वादविवाद मंडळ काढलं. कधी रानात, कधी एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंच्या घरी त्या जमत. 1847च्या पदवीदान समारंभासाठी तिला निबंध लिहायला सांगितलं, पण वाचणार एक पुरुष प्राध्यापक. तिनं लिहायलाच नकार दिला. पदवी मात्र घेतली. त्याच ओबर्लिननं 1883मध्ये पन्नाशीच्या सोहळ्यात तिला भाषणाला बोलावलं.

गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या त्या पिढीची खबर आपल्या पुण्यातही होती. 1873च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांच्या नावे लिहिली.

अब्बा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे चांगलं कॉलेजही सगळं देत नाही." मी म्हटलं, नाही देत, आणि म्हणून आधीच विचारायचं. छापील फी पाहून घाबरायचं नाही, मदत वजा जाता किती उरते ते पाहायचं. अॅमहर्स्टसारखी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांचा प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत. बहुतेक बघतात, ओबर्लिनही. केंटकीतलं बेरिया शिकवणीची फी घेत नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावं लागतं.

मुलीनं यादी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. चारही वर्षं मदत टिकते का? सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर राहायचं कुठे? रमजानमध्ये सहरीला मेस उघडी असते का? शेवटचा प्रश्न अब्बांनी सांगितला, आणि तो तिनं सगळ्यात वर लिहिला: विमानाचं तिकीट त्या मदतीत धरतात का?