बसतं म्हणजे चालतं का? जुन्या मोटारींचे सुटे भाग आणि 'तोच' या शब्दाचा अर्थ

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज मोटारीच्या पुढच्या चाकाखाली का शिरतोय, असं काहींना वाटलं असेल. कारण साधं आहे. 'हा भाग आणि तो भाग एकच का?' हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो, आणि आम्ही तो अडीच हजार वर्षं विचारत आलो आहोत. आमचं उत्तर चुकलं तर विद्यार्थ्याचे मार्क जातात. गॅरेजमधलं उत्तर चुकलं तर चाक निखळतं आणि गाडीत माणसं बसलेली असतात. म्हणून जुन्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक, एवढ्यापुरतंच आज बोलू.

आधी थोडा इतिहास. आपण दुकानात नट मागतो आणि तो बसेल हे गृहीत धरतो. अठराव्या शतकात असं गृहीत धरता येत नव्हतं. बंदुकीच्या चापाचा प्रत्येक तुकडा कारागीर कानशीने घासून त्या त्या बंदुकीला जुळवत असे. १७८५ साली फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या शस्त्रकारागिराने पन्नास चापांचे सुटे भाग वेगवेगळ्या खणांत मांडून थॉमस जेफरसनला दाखवले. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला प्रतिनिधी होता. त्याने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः चाप जोडले, आणि ते जुळले. मग १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं: आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे.

मोटारीच्या बाबतीत गाजलेला प्रसंग १९०८ चा. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, भागांची सरमिसळ केली, काही भाग काढून त्यांच्या जागी साठ्यातले नवे घातले, आणि पुन्हा तीन गाड्या जोडल्या. त्या ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

पण त्या दिवशी सिद्ध काय झालं, ते नीट पाहा. एका कारखान्यातल्या, एका मॉडेलच्या, एकाच नकाशावरून बनलेल्या भागांची अदलाबदल होते, एवढंच. आज जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे. वेगळ्या मॉडेलचा, कधी वेगळ्या कंपनीचा भाग माझ्या गाडीला चालेल का?

हा प्रश्न कसा निर्माण झाला, त्यासाठी एकच घराणं घेऊ: ट्रायम्फ हेरल्ड. ही गाडी एप्रिल १९५९ मध्ये आली. त्याआधी, १९५३ मध्ये, स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली होती. मोठी एकसंध बॉडी कोण बनवून देणार? म्हणून हेरल्डला वेगळी चॅसी दिली आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून त्यावर बोल्टने बसवले. वेगळी चॅसी असली की तिच्यावर दुसरी बॉडी चढवता येते. हेरल्डच्या पायावर १९६२ मध्ये स्पिटफायर आणि व्हिटेस, १९६६ मध्ये जीटी६ अशा गाड्या निघाल्या. पुढच्या सस्पेन्शनची मांडणी सगळ्यांची एकच. वर-खाली दोन विशबोन आर्म आणि त्यांच्या मध्ये एक उभा घडीव दांडा, त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. वरच्या टोकाला बॉल जॉइंट, खालच्या टोकाला आटे, आणि ते आटे ट्रनिअन नावाच्या पितळी तुकड्यात फिरतात.

कॉलिन चॅपमनच्या लोटससारख्या छोट्या कंपनीला असे दांडे घडवण्याचे साचे परवडणारे नव्हते. म्हणून १९६२ च्या लोटस एलानमध्ये ट्रायम्फचेच उभे दांडे आले. १९६७ मध्ये फॉर्म्युला फोर्ड शर्यती सुरू झाल्या, तेव्हा त्या गाड्या बांधणाऱ्यांनीही तेच केलं. बाजारहाटाच्या गाडीचा भाग शर्यतीत पोचला. आणि हेरल्ड आपल्याकडेही आली. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनत होती, सभागृहातल्या काही ज्येष्ठांना ती आठवत असेल.

म्हणजे एक आकार पाच-सहा गाड्यांत. आता नाना पेठेतल्या दुकानात किंवा इंग्लंडमधल्या जत्रेत असा दांडा हातात आला, तर तो ओळखायचा कसा?

इथे मला न्यायशास्त्र उपयोगी वाटतं. 'गाय' या शब्दाने काय कळतं, याचा विचार करताना गौतमाच्या न्यायसूत्रांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: व्यक्ती, आकृती आणि जाती. व्यक्ती म्हणजे हा समोरचा एक तुकडा, त्याच्या गंजासकट. आकृती म्हणजे त्याची घडण. जाती म्हणजे ज्यामुळे तो त्या प्रकारचा ठरतो ते. गॅरेजमध्ये आपल्याला दिसते आकृती, आणि आपण अनुमान करतो जातीचं. सगळा धोका त्या अनुमानात आहे.

मग म्हणाल, नंबर बघा की! नंबर हे लक्षण आहे, कबूल. पण लक्षणाचे दोष आपल्याकडे केव्हाच सांगून ठेवलेत. नको त्यालाही लागू पडलं तर अतिव्याप्ती, हवं त्यालाच लागू पडलं नाही तर अव्याप्ती. भागावर उठावात असलेला नंबर पुष्कळदा ओतकामाचा असतो. तेच ओतीव वेगवेगळी भोकं पाडून, वेगळ्या मापाने कातून दोन वेगळे भाग होतात, नंबर मात्र तोच दिसतो. ही अतिव्याप्ती. उलट, स्टॅनपार्टच्या काळातला सहा आकडी नंबर पुढे युनिपार्टच्या काळात बदलला, ब्रेक पॅडला 'जीबीपी' अक्षरांनी सुरू होणारा नंबर आला. कामाला तोच भाग, नंबर दुसरा. ही अव्याप्ती.

आता उदाहरणं घेऊ. जीटी६चा उभा दांडा स्पिटफायरच्या विशबोनला बसतो. पण जीटी६चा स्टब ॲक्सल जाड, बेअरिंग मोठी, डिस्क ९.७ इंचांची, स्पिटफायरची ९ इंचांची. म्हणजे एकटा दांडा घेऊन भागत नाही, हब, बेअरिंग, डिस्क, कॅलिपर असा संच लागतो. स्प्रिंगचंही तसंच. सहा सिलिंडरांच्या जड इंजिनासाठी केलेली स्प्रिंग चार सिलिंडरांच्या गाडीत बसते, पण गाडी पुढून उंच उभी राहते.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर घ्या. गर्लिंगचे ५/८ इंच आणि ०.७० इंच बोअरचे सिलिंडर बाहेरून भावंडांसारखे दिसतात. बोअर आत असतो. ०.७० चं क्षेत्रफळ ५/८ च्या सव्वापट. पायाचा जोर तोच ठेवला तर दाब साधारण ८० टक्क्यांवर येतो. पेडल कडक लागतं, चालवणाऱ्याला वाटतं, वा, ब्रेक सुधारले! आणि गाडी थांबायला मात्र जास्त जोर लागतो.

सगळ्यात फसवे असतात आटे. १९७० च्या दशकात ब्रिटिश गाड्यांचे ब्रेक इंचांवरून मिलिमीटरकडे सरकत होते. ब्रेकच्या नळीचा जुना नट ३/८ इंचाचा, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. नवा १० मिलिमीटरचा, एक मिलिमीटर अंतराचे आटे. इंची नट मिलिमीटरच्या भोकात हाताने आत जातो. थोडा सैल लागतो, पण घट्टही होतो. प्रत्यक्षात तो आट्यांच्या टोकांवर कसाबसा धरलेला असतो. जोरात ब्रेक मारल्यावर आतला दाब वातावरणाच्या पन्नासपटींच्या वर जातो, तेव्हा ते आटे निसटतात. आणि ते घडतं नेमकं ज्या क्षणी ब्रेक सर्वांत जास्त हवे असतात, त्याच क्षणी.

शेवटचं उदाहरण ट्रनिअनचं. डाव्या बाजूला डावे आटे, उजव्या बाजूला उजवे, तेव्हा बाजू चुकत नाही. चुकतं ते वंगण. तिथे ग्रीसगन लावता येते, म्हणून लोक ग्रीस मारतात. कारखान्याने सांगितलं होतं गिअर ऑइल. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, सुकतं, पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आणि एक दिवस दांडा आट्यापाशी मोडून चाक आडवं होतं. भाग अस्सल, नंबर बरोबर, बाजू बरोबर, आणि तरी अपघात.

यातून मला एवढंच म्हणायचं आहे. 'अदलाबदल होणारा' हा भागाचा गुण नाही, ते नातं आहे. कुणी नुसताच मामा नसतो, कुणाचा तरी मामा असतो. तसं 'हा दांडा चालतो' हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या हबला, कोणत्या वजनाला, कोणत्या मास्टर सिलिंडरबरोबर, हे सांगितलं की ते पुरं होतं.

म्हणून ओळखण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा गाडीचा कमिशन नंबर. ट्रायम्फच्या पार्ट कॅटलॉगमध्ये बदल कोणत्या नंबरापासून झाला ते दिलेलं असतं, नुसतं साल पुरत नाही. पण तो नंबर गाडी कारखान्यातून कशी निघाली एवढंच सांगतो. पन्नास-साठ वर्षांत तिच्यावर किती हात फिरले, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून दुसऱ्यांदा समोरची व्यक्ती मोजावी: कॅलिपरने जाडी, पिच गेजने आटे. तिसऱ्यांदा शेजारी तपासावेत, म्हणजे तो भाग ज्याला ज्याला जोडला जाणार ते सगळे. आणि आटा सैल लागला, तर 'चालेल' हा शब्द तोंडातून काढू नये.

श्रोत्यांतून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: असे सगळेच भाग बदलले, तर गाडी तीच राहते का? छान प्रश्न आहे, पुढच्या वेळी त्यावर सविस्तर बोलू. तो घरी जाऊन निवांत सोडवता येतो. ब्रेकचा मात्र घरी निघण्याआधी सोडवावा लागतो.